आधी बाग, मग ग्लास

अमळनेरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. फेब्रुवारीत त्या दोघं नवरा-बायको, दोन मुलं, सासू-सासरे, सुरतचे नणंद-नंदोई आणि त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा असे नऊ जण दोन दिवसांसाठी नाशिककडच्या डोंगरपट्ट्यात द्राक्षबागा आणि वायनरी बघायला निघणार आहेत. किती ठिकाणं होतील, माळकरी सासऱ्यांना तिकडे नेणं बरं दिसेल का, आणि येताना चार बाटल्या नंदोईंबरोबर सुरतला पाठवता येतील का, असं त्यांनी विचारलंय.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. ते का, हे पुढे येईलच. आधी मुख्य गोष्ट.

मी मूळचा साक्री तालुक्यातला. आयुष्याची पंचवीस वर्षं द्राक्षात गेली, त्यातली पंधरा दिंडोरी तालुक्यात वाइनच्या बागा सांभाळण्यात. या काळात आपल्याकडचे शेकडो पाहुणे फिरवले. जवळजवळ प्रत्येक जण एकच चूक करतो: सकाळी साडेअकराला थेट टेस्टिंग रूममध्ये शिरतो, पाच ग्लास चाखतो, फोटो काढतो आणि बाग गाडीच्या काचेतून बघतो. घरी गेल्यावर आठवतं ते एवढंच, की एक आंबट होती आणि एक कडू होती. माझं म्हणणं उलटं आहे. पहिला अर्धा दिवस बागेत घाला. खायच्या द्राक्षाची एक बाग आणि वाइनच्या द्राक्षाची एक बाग, दोन्ही एकाच दिवशी बघा. मग ग्लासात काय आहे ते कुणी समजावून सांगायची गरज पडत नाही.

रस्ता त्या हिशेबाने निवडा. आग्रा रोडने मालेगाव, चांदवड, पिंपळगाव बसवंत असं सरळ नाशिक गाठता येतं, वेळही कमी लागतो. पण जाताना मालेगावहून सटाण्याला वळा आणि कळवण, नांदुरी, वणी करत दिंडोरीला या. सप्तशृंगीच्या गडावर जाणाऱ्या निम्म्या खान्देशाला हा रस्ता पाठ आहे. साक्री-नंदुरबारच्या मंडळींना तर पिंपळनेर, ताहाराबाद, सटाणा हाच सरळ रस्ता. विंचूर-प्रकाशा मार्ग म्हणून आपण ज्याला ओळखतो, त्याचं एक टोक तापीकाठी प्रकाशाला आहे आणि दुसरं विंचूरला, म्हणजे जिथे सरकारने वाइन पार्क काढला त्याच गावाला. हा योगायोगच, पण मला तो आवडतो.

बागलाणात तुम्हाला फेब्रुवारीत बऱ्याचशा बागा रिकाम्या दिसतील. पानं पिवळी, घड नाहीत. घाबरू नका, बाग मेलेली नाही. सटाणा, देवळा, कळवण भागात अर्ली द्राक्ष घेतात. इतर ठिकाणी गोड्या बहाराची, म्हणजे घड आणणारी छाटणी ऑक्टोबरच्या सुमारास होते, इथे ती जुलै-ऑगस्टमध्येच उरकतात आणि डिसेंबर-जानेवारीत, बाजारात दुसरा माल नसताना, घड काढतात. भाव चांगला मिळतो, पण भर पावसात फुलोरा येतो. डावणी, म्हणजे ओलीत पसरणारा बुरशीचा रोग, एकदा शिरली की आठवड्यात सगळं घालवते. शेतकरी त्या दिवसांत रात्री उठून आभाळ बघतो. प्लॅस्टिकचं आच्छादन घातलेल्या बागा वाटेत दिसल्या तर त्या याच भीतीपोटी आहेत.

नांदुरी सोडून वणी-दिंडोरीकडे आलात की चित्र बदलतं. इथे फेब्रुवारीत घड लटकलेले असतात. खायच्या द्राक्षाची बाग ओळखायला सोपी: डोक्यावर मांडव किंवा इंग्रजी वाय अक्षरासारखे लोखंडी अँगल, खाली सावली आणि त्या सावलीत एकसारखे, लांबट, फुगलेले मणी. थॉमसन, सोनाका, क्लोन टू, शरद ही नावं तुम्ही फळवाल्याकडे ऐकलीच असतील. हे मणी आपोआप असे होत नाहीत. घडाची विरळणी होते, जीएच्या, म्हणजे मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक आम्लाच्या, द्रावणात घड बुडवतात, शेंडा खुडतात, पानं काढतात. बिया नसलेल्या मण्याला फुगायला हार्मोन कमी पडतं, ते बाहेरून द्यावं लागतं. सगळी मेहनत फुगवण, रंग आणि कुरकुरीतपणा यांसाठी, कारण गिऱ्हाईक डोळ्यांनी घेतं.

आता वाइनच्या बागेत या. पहिली प्रतिक्रिया माझ्या मामांची सांगतो. कॅबरने या लाल वाइनच्या द्राक्षाचा एक मणी तोंडात टाकला आणि म्हणाले, "हाई ते निस्ती बी आनि साल शे!" त्याहून नेमकं वर्णन मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. मणी वाटाण्याएवढा, साल जाड, आत दोन-तीन बिया, रस थोडा. वेल मांडवावर नाही, तारेच्या कुंपणासारखी सरळ उभी. घड कमरेच्या खाली, ओळीत. फळ मुद्दाम कमी ठेवलेलं. खायच्या द्राक्षात एकरी दहा-बारा टन निघाले की शेतकरी खूश. चांगल्या लाल वाइनसाठी चार-पाच टनांच्या वर गेलो की वायनरीवाला नाराज. लाल वाइनचा रंग, तुरटपणा आणि बराचसा वास सालीत असतो. मणी मोठा झाला की रस वाढतो, साल त्या मानाने कमी पडते आणि वाइन पाणचट होते. म्हणजे एका बागेत जी हुशारी, तीच दुसऱ्या बागेत खोट.

शक्य असेल तर बागवानाला विचारून दोन्हीकडचा एकेक मणी घ्या. विचारून, हे महत्त्वाचं, कारण फवारणी कधी झाली ते त्यालाच माहीत असतं. वाइनचा मणी चावताना तीन गोष्टी वेगवेगळ्या करा. आधी रस: खायच्या द्राक्षात साखर सोळा-अठरा ब्रिक्स (रसातल्या गोडीचं माप) असली तरी चालते, लाल वाइनला आम्ही बावीस-चोवीसपर्यंत थांबतो, त्यामुळे हा चिमुकला मणी जास्त गोड लागतो. मग साल, दाढेखाली घोळवा: जीभ किती ओढली जाते आणि थुंकल्यावर बोटाला रंग किती लागतो ते बघा. शेवटी बी. ती हिरवी आणि कडवट असेल तर अजून वेळ आहे. तपकिरी झालेली आणि भाजलेल्या दाण्यासारखी कडकन फुटणारी असेल तर तोडणी जवळ आली. रिफ्रॅक्टोमीटर साखर सांगतो, बी पक्वता सांगते. मी अजूनही बी चावूनच ठरवतो.

ताईंच्या प्रश्नात नव्हतं, पण खान्देशातला प्रत्येक पाहुणा विचारतो: मग हे आपल्याकडे का नाही? पाणी, माती आणि कष्ट यांत आपण कुठे कमी नाही. फरक उंचीचा आहे. अमळनेर-जळगाव समुद्रसपाटीपासून 200 मीटरच्या आसपास. नाशिकचं पठार 600 च्या आसपास. चारशे मीटर चढलं की हवा अडीच अंशांच्या आसपास थंड होते. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण मण्यात पाणी उतरल्यानंतरचे, म्हणजे मणी मऊ पडू लागल्यावरचे, पाच-सहा आठवडे धरा. दिवसा वेल साखर तयार करते आणि रात्री श्वसनात मॅलिक आम्ल जाळते. रात्र जितकी उबदार तितकं आम्ल लवकर जातं. आम्ल गेलेल्या द्राक्षाची वाइन गुळाच्या पाण्यासारखी बसकी लागते. तापीकाठचा ऊन-पाण्याचा मेळ केळीला मानवतो, जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालंय ते उगीच नाही. वाइनच्या वेलीला मात्र माथ्यावरची गार रात्र लागते. सातमाळ्याची रांग, धोडप, रामशेज हे सगळं फोटोत छान दिसतंच, पण त्या उंचीचं काम रात्री चालतं.

आणखी एक फरक. युरोपातली वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते. आपल्याकडे तेवढी थंडीच नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटतात: एप्रिलमध्ये खरड छाटणी, जिच्यातून काडी तयार होते, आणि पाऊस ओसरल्यावर गोड्या बहाराची, जिच्यातून घड येतो. पीक मात्र एकदाच. त्यामुळे तिकडे तोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबर, इकडे जानेवारी ते मार्च. पावसाळ्यात हिरवे डोंगर बघायला लोक गर्दी करतात, ते खुशाल करा, पण तेव्हा वायनरीत टाक्या शांत असतात आणि वेलीवर फक्त पानं. तुमचा फेब्रुवारी अगदी बरोबर आहे. पांढरी द्राक्षं, म्हणजे सोव्हिन्यॉन ब्लाँक, शेनिन ब्लाँक, आधी निघतात. शिराझ, कॅबरने ही लाल मागाहून. फेब्रुवारीच्या मध्याला दोन्हींची गाठ पडते.

मीही एकदा ही उंची विसरलो होतो. 2001 साली राज्याचं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आलं आणि पुढच्या काही वर्षांत वाइनच्या द्राक्षाची लाटच आली. गावाकडच्या दोन एकरांत मी शिराझ लावलं, एका कंपनीशी करार केला. पहिली दोन वर्षं माल गेला, पण आम्ल कमी म्हणून भाव कापला. मग मंदी आली, कंपन्यांकडे साठा तुंबला आणि तिसऱ्या वर्षी गाडीच आली नाही. वाइनचं द्राक्ष बाजार समितीत कोण घेणार? त्याचे बेदाणेही होत नाहीत. बुंध्यापासून वेली काढल्या तेव्हा वडील बांधावर बसून होते, एक शब्द बोलले नाहीत. त्या काळात नाशिक जिल्ह्यातही अनेकांनी बागा काढून पुन्हा खायचं द्राक्ष लावलं. टेस्टिंग रूममधला मुलगा ही गोष्ट सांगणार नाही, म्हणून मी सांगितली.

आता वायनरी. दिवसाला दोन, त्याहून जास्त नाही. तिसऱ्या ठिकाणी जीभ बधिर होते आणि मुलं कंटाळतात. गंगापूर धरणाच्या अंगाला सुला, यॉर्क, सोमा जवळजवळ आहेत. सुलाने 2000 साली पहिली वाइन काढली आणि पुढे पर्यटनाची घडीही बसवली. तिथे व्यवस्था चोख, पण शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची एवढी गर्दी की प्रश्न विचारायला सवड मिळत नाही. मंगळवार-बुधवार जमवा. मोठं एक बघा आणि त्याच्या जोडीला लहान एक. इगतपुरीच्या बाजूला मुकणे धरणाजवळ व्हॅलोने आहे, निफाडकडे कुंदेवाडीला रेव्हेइलो. लहान ठिकाणी कधी वाइन बनवणारा माणूसच भेटतो, आणि तोडणीच्या दिवसांत त्याच्या हाताला जांभळा रंग असतो. आधी फोन करून दोन गोष्टी विचारा: आज माल येतोय का, आणि नऊ जणांना टाक्यांपर्यंत नेणार का. तोडणी पहाटे होते, गार असतानाच क्रेट आत यावेत म्हणून. पेठ-सुरगाण्याच्या मजुरांच्या टोळ्या उजाडायच्या आधीच ओळीत असतात. मुक्काम दिंडोरी-नाशिक भागातच असेल तर एक दिवस झोपमोड करा.

आत काय बघायचं? पांढऱ्याचा रस लगेच दाबून काढतात आणि बारा ते सोळा अंशांवर दोन-तीन आठवडे हळू आंबवतात. लाल द्राक्ष मात्र सालीसकट आंबतं, आठवडा-दहा दिवस. साली वर तरंगून जाड थर होतो आणि खालचा रस पंपाने पुन्हा पुन्हा त्यावर सोडतात. हा प्रकार चालू असताना दिसला तर दहा मिनिटं थांबून बघा, तो वास विसरणार नाही. सातपुड्यात मोहाची फुलं भिजत घातलेल्या मडक्याचा वास ज्याला माहीत आहे त्याला ओळखीचं काही सापडेल. यीस्टला डोंगर कुठला याचं देणंघेणं नसतं. मुलांना टाकीत वाकून बघू देऊ नका. आंबताना कार्बन डायऑक्साइड निघतो, तो जड असतो आणि खाली साचतो. आमच्या धंद्यात त्याने माणसं गेली आहेत. पायांनी द्राक्ष तुडवायचा खेळ काही ठिकाणी ठेवतात. मुलांना मजा येईल, पण वाइन तशी बनत नाही.

चाखताना अत्तर लावून जाऊ नका, आणि तंबाखू, पानमसाला तासभर आधी बंद. ग्लास दांडीला धरा. थोडं फिरवा, नाक आत घाला, मग लहान घोट तोंडभर फिरवा. बाजूला थुंकायला भांडं असतं. आपल्याकडे लोकांना थुंकायची लाज वाटते, "पैसे दिलेत की!" म्हणून सगळं गिळतात. मी दिवसाला तीस-चाळीस नमुने चाखतो. गिळत बसलो असतो तर आज हे लिहायला उरलो नसतो. लाल वाइन पहिल्यांदा घेणाऱ्याला कडू वाटते, ते खरं म्हणजे तुरट असतं. बागेत साल चावली होती ना, तोच तुरटपणा. ज्याने साल चावलीय तो ग्लास ठेवून देत नाही.

जेवणाबरोबर काय घ्यावं यावर पाट्यांवर चीज आणि पास्ता लिहिलेला असतो. त्याचा आपल्याला उपयोग शून्य. माझा अनुभव: शेवभाजीचा तिखट रस्सा आणि तुरट लाल वाइन यांचं अजिबात जमत नाही, तिखट दुप्पट चढतं. शेवभाजीला किंचित गोडसर, चांगली गार शेनिन ब्लाँक द्या. भरताला, त्यात हिरवी मिरची, लसूण आणि कांद्याची पात असते म्हणून, सोव्हिन्यॉन ब्लाँक. तिचाही वास हिरवाच. कळण्याची भाकरी मधे असली की दोघांचं भांडण मिटतं. मटणाला शिराझ चालते, तेल बेताचं असेल तर. खापरावरच्या मांड्यांबरोबर काही घेऊ नका, दूध-तूप पुरे. आणि लाल वाइन 'रूम टेंपरेचर'ला प्या म्हणतात ते युरोपातल्या गार घरांचं. अमळनेरच्या एप्रिलमधल्या खोलीत ती कोमट काढा होते. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

कायद्याचं थोडक्यात. महाराष्ट्रात वाइनला वय 21 पूर्ण लागतं, त्यामुळे भाच्याला चाखायला मिळणार नाही. त्याला आणि मुलांना द्राक्षाचा रस. परवाना लागतो, तो एक दिवसाचा तिथेच फाडतात. निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे 48 तास विक्री बंद असते, तारीख बघून निघा. गाडी चालवणाऱ्याने चाखायचंच नाही. रक्तात 100 मिलिलिटरला 30 मिलिग्रॅमच्या वर गेलं की गुन्हा, पहिल्या वेळी दहा हजार दंड, कैद किंवा दोन्ही, आणि त्या घाटरस्त्यांवर त्याआधीच काहीतरी होऊन बसतं.

सासऱ्यांबद्दल. ताई, त्यांना जरूर न्या, पण बागेत. टेस्टिंगच्या वेळी सासूबाईंसह त्यांना गडावर पाठवता येईल, नांदुरी वाटेतच आहे. किंवा गडाचा दिवस आणि वाइनचा दिवस वेगळाच ठेवलात तर त्यांच्याही मनाला आणखी बरं. मी अनेक माळकरी शेतकरी फिरवलेत. ग्लासाला हात लावत नाहीत, पण सगळ्यांत चांगले प्रश्न तेच विचारतात: रूटस्टॉक (कलमाखालचा मुळांचा खुंट) कुठला, ड्रिपला पाणी किती, मजुरी एकरी किती पडते, पैसे किती दिवसांनी मिळतात. शेवटच्या प्रश्नावर वायनरीचा माणूस हमखास घुटमळतो. काळ्या रानात कापूस पिकवलेल्या माणसाला तिथला मुरूम बघून आधी हसू येईल. मग त्यांना सांगा की मुळाशी पाणी साचणं वेलीला सोसत नाही, आणि खाली डॉगरिज नावाच्या खुंटाची मुळं आहेत, वर फ्रेंच वेलीची कलम. त्यांचा अर्धा तास तिथेच जाईल.

आणि सुरतच्या बाटल्या. गुजरातेत दारूबंदी आहे आणि वाइनला तिथे वेगळी सवलत नाही. महाराष्ट्रात रीतसर बिलाने घेतलेली बाटलीही हद्द ओलांडली की गुन्हा. गाडी जप्त होऊ शकते. कोंडाईबारीचा घाट उतरून हद्दीवरच्या नवापूरला पोचलात की पुढची तपासणी कडक असते. 'रेल्वेने नेऊ' असंही कुणी सुचवेल. नवापूर स्टेशनची इमारत अर्धी महाराष्ट्रात आणि अर्धी गुजरातेत आहे, तिथलं एक बाकडंही दोन राज्यांत विभागलंय. फोटो तिथे काढा, बाटली घेऊन बसू नका. तुमच्या बाटल्या अमळनेरलाच ठेवा, कपाटाच्या तळाशी, उन्हापासून लांब, आणि पांढऱ्या तर वर्षाच्या आत संपवा. येताना त्या डिकीत टाकून दुपारभर गाडी उन्हात उभी केलीत तर घरी पोचेपर्यंत निम्मी चव गेलेली असेल, म्हणून सीटखाली ओल्या गोणपाटात गुंडाळा. नंदोईंना दिंडोरीतून थॉमसनची एक पेटी घेऊन द्या. ती नवापूरला कुणी उघडून बघितली तर फार तर दोन घड कमी होतील.